घरटी एक होकार

जामटोली पुनर्वसन, ३ मे २०२६

दोन खिळे निघाले होते. तिसऱ्यावर मी तळहात ठेवला, तेव्हा खुशालनं हातोडी थांबवली.

"ताई, हात काढा. बोट फुटन."

"पाटी कोणाच्या सांगण्यावरून काढतोस?"

"सगळ्या घरायचा हाव येऊन राहिला न."

"बैठक चोवीसला आहे."

"ते त नावापुरती. तुमच्या घराचा बी हाव आला. प्रविणदादाचा. राजकुमारभाऊच्या फोनवर आला, म्या सोता आयकला."

मी हात काढला नाही. खुशालनं निघालेले खिळे खिशात घातले आणि शिडी तशीच सोडून तो गेला. आपल्या फुटबॉल संघाचा कप्तान आहे तो. मैदानाच्या फाटकावर 'जामटोली स्पोर्टिंग' आता एका बाजूनं लोंबते आहे. घरी येऊन तुला फोन केला. तू उचलला नाहीस.

म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. टाइप केलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवतोस. अंगठ्याला मी काय उत्तर देऊ?

दादा, तू खरंच हाव म्हटलंस का, होकार दिलास का?

नियम तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागतो आहेस. धरणाचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी बाबांनी शेवटची बैठक जुन्या मैदानावर घेतली होती. गाव जाईल, क्लबचं नाव जाणार नाही. ते बदलायचं असेल तर जामटोलीच्या प्रत्येक घराचा होकार लागेल, घरटी एक. एक घर नाही म्हणालं की विषय संपला. आणि आवाज द्यायचा तो जुन्या मैदानाच्या मातीवर उभं राहून, उन्हाळ्यात पाणी उतरलं की. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तू बाबांच्या शेजारी उभा होतास.

बाबा गेले. आता सोमाजीचं घर म्हणजे तू. मी या क्लबची बारा वर्षं चिटणीस आहे, मुलींचा संघ मी उभा केला, पण घरात मुलगा आहे म्हणून माझा आवाज धरला जात नाही. मायचाही नाही. घराचा आवाज तुझ्या तोंडात आहे आणि तुझं तोंड ग्रीसमध्ये आहे.

राजकुमार तुला फोनवर काय म्हणाला मला माहीत नाही. इथं म्हणाला ते सांगते. कृत्रिम गवत, खांबावरचे दिवे, नागपूरच्या लीगमध्ये प्रवेश. बदल्यात नाव 'वैनगंगा टायगर्स'. जर्सी केशरी, त्यावर वाघाचं तोंड. त्याचे प्लॉट पडले आहेत नागपूरच्या रस्त्याला, त्या जाहिरातीवरही हाच वाघ आहे. गवताचा एक तुकडा नमुना म्हणून आणला होता. पोरांनी तो गालाला लावून पाहिला. रबराचा वास येत होता. मग सगळ्यांना तर्री पोहे दिले, स्वतःही खाल्ले, आणि हात पुसायला काही दिसेना तेव्हा खुर्चीवर पडलेली आपली मातकट जर्सी उचलली. बोटं एकेक करून पुसली. तेल त्या रंगावर दिसतही नाही. म्हणाला, "हा कलर चांगला आहे, घाण दिसत नाही."

सगळे हसले. खुशालही.

तिकडं अजून थंडी आहे का, तेवढं लिही. माय विचारते.

कामिनी


९ मे

दादा,

मी एक प्रश्न विचारला होता. तू फोटो पाठवलास. स्टेडियमच्या भिंतीपुढं उभा आहेस, गळ्यात काळा-पांढरा मफलर, आणि खाली लिहिलं आहेस, 'शंभर वर्षं!'

फोटो मायला दाखवला. ती म्हणाली, गालफडं बसले याचे.

आता तुझीच गोष्ट तुला सांगते. तूच सांगितलेली. थेसालोनिकीला जाऊन तुला सहा महिने झाले होते. हॉटेलात भांडी घासायचास, आणि रात्रीऐवजी पहाटे फोन करायचास, कारण तेव्हा मी जागी असायची. एकदा म्हणालास, "कामिनी, इथं आपल्यासारखा एक क्लब हाय. पाओक." मग आठवडाभर तेच. सन एकोणीसशे बावीस-तेवीसला समुद्रापलीकडून लाखो माणसं निर्वासित होऊन आली, त्यांत कॉन्स्टँटिनोपलची होती. त्यांनी सव्वीस साली हा क्लब काढला. त्याच्या नावाचं मराठी केलं तर 'कॉन्स्टँटिनोपलकरांचं अखिल थेसालोनिकी क्रीडा मंडळ' असं काहीतरी होतं. सुटलेल्या शहराचं नाव त्यांनी नव्या शहराच्या नावाशेजारी ठेवलं. काळा रंग सुटलेल्या घरांच्या दुखवट्याचा, पांढरा पुढच्या आशेचा. चिन्हात दोन तोंडांचा गरुड, त्याचे पंख मिटलेले. "उडाच्या मूडमध्ये नाही हाय तो," असं तू म्हणालास. निर्वासितांच्या वस्तीत, तूंबाला, त्यांनी मैदान बांधलं. चाहत्यांनी हातभार लावला. तिथले जुने रहिवासी त्यांना तुर्कांचं बियाणं म्हणायचे.

मी हे मुलींना सांगितलं. आंधळगावला सामना खेळायला गेलो तेव्हा तिथली पोरं कुंपणावर चढून ओरडत होती, "आले चिखले! धरणातले चिखले आले!" आपली गोलकीपर रडायला लागली. मी तिला गरुडाचं सांगितलं. आपला रंग कुठून आला तेही सांगितलं, की पाणी चढलं तेव्हा पांढऱ्या जर्स्या दोरीवरच राहिल्या होत्या, गाळात सापडल्या, कितीही धुतल्या तरी डाग गेला नाही, आणि सोमाजी म्हणाले की आता हाच रंग. ती म्हणाली, "मॅडम, त्यायचा काळा तरी चांगला दिसते." मग मैदानात गेली आणि एक पेनल्टी अडवली.

शंभर वर्षांत त्या माणसांनी ते शहर आपल्या नावातून काढलं नाही. आणि ते शहर उभं आहे, दादा. तिथं आज बाजार भरतो, बोटी लागतात. फक्त ते त्यांचं राहिलं नाही. आपलं गाव तर उभंही नाही. नावाबाहेर जामटोली आता कुठंच नाही.

तो क्लब आज कोणाचा आहे, मालक कोण, आत काय चालतं, मला माहीत नाही. तिथंही कोणी राजकुमार असेल. ते मला शोधायचंही नाही. मला एवढंच दिसतं की परक्यांच्या दुखवट्याचा मफलर तू गळ्यात घालतोस आणि घरच्या दुखवट्यावर हाव म्हणतोस. फोटो पाहून मला तुझी किळस आली. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

मफलर काढून एकदा बोल.

कामिनी


१६ मे

तुझा आवाज आला. तीन वेळा ऐकला. तू जे बोललास ते इथं लिहून ठेवते, म्हणजे नंतर तू असं बोललोच नव्हतो म्हणणार नाहीस.

"कामिनी, राजकुमारनं मले मॅनेजरची जागा देतो म्हटलं. टीमचा मॅनेजर. मी परत येऊ शकतो न मंग. इथं माहे हात सडून राहिले साबणानं. गावाच्या नावाले काय चाटाचं हाय? गाव पाण्यात हाय, बाप्पा. मले घरी यायचं हाय, तू काहून समजून नाही घेऊन राहिली?"

शेवटच्या वाक्याला तुझा आवाज फाटला. मागं कोणीतरी त्यांच्या भाषेत ओरडत होतं, बहुतेक तुलाच.

तू घरी ये. उद्या ये. मायची खोली आहे, माझी शाळेची नोकरी आहे, तुला कोणी उपाशी ठेवणार नाही. पण तुला तसं यायचं नाही. तुला गळ्यात कार्ड घालून यायचं आहे, फाटकातून मॅनेजर म्हणून आत शिरायचं आहे, आणि त्या फाटकावर वाघ असेल. तू परत येशील ते जामटोलीला नाही. राजकुमारच्या प्लॉटवर.

खुशाल काल भेटला. त्याचं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहिते. म्हणाला, "ताई, तुमी गाव पाह्यलं. म्या कोठं पाह्यलं? मी अंगणवाडीत होतो. मले खेळाचं हाय. चिखल्या म्हणून खेळू का जिंदगीभर?" त्याचा मला राग आला नाही. त्याला आठवतच नाही. तुला आठवतं. बाबांच्या शेजारी तू उभा होतास.

राजकुमारची गाडी रोज येते. घरोघर जातो. सुंदरबाईच्या नातवाला नागपूरच्या ट्रायलला नेणार आहे. बाबुलालकाकांच्या दारात बसून त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतो. एकेक घर हो म्हणतं आहे आणि मला रस्त्यात पाहिलं की बायका पदर सावरत बाजूला होतात, जणू मला लागण झाली आहे. मलाही त्यांच्याकडं पाहवत नाही. सगळ्या गावाची किळस येते हे किती वाईट, पण सध्या तसंच आहे.

आता नाही म्हणू शकेल असं आपलंच घर उरलं. नाही म्हण. एकदाच म्हण. मॅनेजरची जागा जाईल. मी ते जाणून विचारते आहे.

मायला तुझा आवाज ऐकवला नाही. तू घरी येण्याचं बोललास एवढंही सांगितलं नाही.

कामिनी


२४ मे, संध्याकाळ

तू मायचं 'मंग' ऐकलंस आणि फोन बंद झाला. पुढचं तुला माहीत नाही. म्हणून लिहिते. सुरुवातीचंही लिहिते, कारण खालून तुला काय दिसलं असेल कोण जाणे.

सकाळी दोन ट्रॅक्टरमधून जुन्या मैदानावर गेलो. पाणी बरंच उतरलं आहे. गाळ वाळून भेगाळला आहे, मधे ओलसर पट्टे, त्यात मेलेले मासे. वास इतका की राजकुमार नाकाला रुमाल लावूनच गाडीतून उतरला. गोलचा एक खांब अजून उभा आहे, शेवाळलेला. बाबुलालकाका पंच म्हणून घरांची नावं घ्यायला लागले. घर पुढं यायचं, पाय रोवायचं, "हाव." पुढचं घर. "हाव." सुंदरबाई माझ्याकडं पाठ करून म्हणाली.

"सोमाजीचं घर?"

मी पुढं झाले. बाबुलालकाकांनी हात केला. "तू नाही, बाई. प्रविण बोलन."

"प्रविणचे पाय इथं नाहीत, काका. नियम मातीवरचा आहे."

काका घोटाळले. खरंच घोटाळले, ते मला दिसलं. बाबांचा नियम त्यांना मोडायचा नव्हता, फक्त कसातरी पाळायचा होता. राजकुमारनं फोन लावला, तुझा चेहरा आला. काका म्हणाले, "पाय नाही त नाही. फोन त ठेवता येते न मातीवर. ठेव गा खुशाल. सिद्धा ठेव."

आणि खुशालनं तुला मैदानावर ठेवलं. चिखलात, पाठीवर, तोंड आभाळाकडं. चाळीस घरांची माणसं तुझ्याभोवती गोल उभी राहून वाकून पाहत होती. तुझ्या गळ्यात तो मफलर होता, आजसुद्धा. मेलेल्या माशावरची माशी उठून तुझ्या कपाळावर बसली, मग डोळ्यावर चालत आली. तुला ती दिसत नव्हती. तू हसत होतास.

"सोमाजीचं घर?"

"हाव," तू म्हणालास.

मी बाजूला जाऊन ओकले. वासानं म्हणून सांगितलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा माय पुढं आली. तू तिची फक्त पावलं पाहिली असशील.

"थांबा," ती म्हणाली. "हे प्रविणचं घर झालं. माहं घर कोणी पुकारलं?"

बाबुलालकाका म्हणाले, "वहिनी, ते एकच घर हाय."

"एक चूल म्हणजे एक घर. तो माह्या चुलीवर जेवते काय?"

"असं नाही राहत."

"काहून नाही राहत गा? धरणाच्या मोजणीले सायेब आला तवा तुमच्या एका घरात तीन चुली कोठून आल्या होत्या? राती इटा मांडल्या, सकाळी राख टाकली. सायेबानं तीन घरं लिवले. तवा चूल चालली. आता माही काहून नाही चालत?"

पहिल्यांदा सुंदरबाई हसली. मग मागून कोणीतरी. मोजणीच्या वेळी मोबदला घरटी होता, कोणी चुली मांडल्या नव्हत्या? बाबुलालकाका आज ज्यांची नावं पुकारत होते त्यातली निम्मी घरं त्या एका पहाटेत झालेली आहेत. एकट्या बाबांनी मांडली नव्हती आणि लोक त्यांना वेड्यात काढायचे.

"तवाची गोष्ट अलग होती, वहिनी."

"अलग कायची? चुलीचं धुपट त तेच."

आता राजकुमार पुढं आला. रुमाल नाकावरून काढून, गोड आवाजात. "आजी, पोरगा घरी येऊन राहिला तुमचा. मॅनेजर बनून. मी स्वतः आणून राहिलो त्याला. आता घर तोडता काय?"

मायला हे माहीत नव्हतं. मी लपवलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडावरून तिला कळलं की खरं आहे. मग ती फोनपाशी बसली, गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. मला वाटलं, आता संपलं. पाच वर्षांनी मुलगा परत येतो म्हटल्यावर कोणती माय नाही म्हणेल? तिच्या जागी मी असते तर मी हो म्हटलं असतं. हे मी तुला कधी बोलून दाखवणार नाही, म्हणून लिहिते.

तिनं तुझ्या कपाळावरची माशी हाकलली. बोटानं काच पुसली.

"प्रविण, तुयं जेवण कोठं होते गा?"

"हाटेलात, माय."

"मंग," ती म्हणाली आणि उठली.

इथं राजकुमारनं फोन उचलून बंद केला. तुझ्या पाठीला लागलेला चिखल त्यानं रुमालानं पुसला आणि तो रुमाल तिथंच टाकला.

पुढं बराच वाद झाला. खुशाल ओरडला, की एका म्हातारीपायी सगळ्यांचं वाटोळं. कोणी म्हणालं, ही चूल खोटी. माय म्हणाली, तुमच्या खऱ्या होत्या काय. शेवटी बाबुलालकाकांनी काठी आपटली. "उद्या सकाळी आमी पंच येतो. चूल दिसली, त्यावर शिजलं, ते आमी खाल्लं, का घर झालं. अन् वहिनी, समजून घेजो. एकदा झालं का मंग प्रविण या घरचा नाही राहणार. त्याचं घर अलग. मंडईच्या जत्रेत, मयतीच्या मातीत, लग्नात, सगळ्यात अलग. मांगं फिरता येत नाही."

"माहीत हाय," माय म्हणाली.

आम्ही परत आलो. आपल्याकडं पाच वर्षांपासून गॅस आहे, चूल नाहीच. सुंदरबाई दोन विटा आणि शेण-माती घेऊन आली. म्हणाली, "माहा हाव हायच. पण चूल मांडू लागते." दोघींनी अंगणात चूल मांडली. मी माती कालवली. सुंदरबाई गेल्यावर माय हात धुवत होती, बराच वेळ धुवत होती.

"मले ओकारी येऊन राहिली," ती म्हणाली.

"कशाची?"

"त्याच्या हावाची. ह्या चुलीची बी."

मी म्हटलं, अजून वेळ आहे, मोडून टाकू. फोन करून त्याला विचारू. ती म्हणाली, "काय विचारशील? तो हावच म्हणन." मग आत जाऊन पडली. दिवा लावायला उठली नाही, मीच लावला.

मला जे हवं होतं ते उद्या होईल, दादा. तीन आठवडे मी तुला हेच मागत होते, एक नकार. तो तू दिला असतास तर तुझी जागा गेली असती, तू माझ्यावर चिडला असतास, आणि दोन-तीन वर्षांनी हात सडलेले घेऊन का होईना, आपल्या घरी आला असतास. तुझ्या ऐवजी तो मायला द्यावा लागला. तिच्याकडं आवाज नव्हता, म्हणून तिनं तुला देऊन तो घेतला. यात जिंकल्यासारखं काही आहे असं मी दिवसभर शोधते आहे.

तू मफलर घालून हसत होतास. तेच डोळ्यापुढं येतं. मग माशी आठवते.

कामिनी


२५ मे

सकाळी सात वाजता बाबुलालकाका आणि दोन पंच आले. मायनं चुलीवर भात टाकला, वरण केलं. पंचांनी पाटावर बसून खाल्लं आणि हात धुतले. मग त्यांच्यासोबत जुन्या मैदानावर जाऊन मायनं नाही म्हटलं. क्लबचं नाव जामटोली स्पोर्टिंग राहिलं. राजकुमारची गाडी आली नाही. निघताना काकांनी तुझं घर वेगळं धरल्याचं सांगितलं आणि भात कच्चा राहिला होता असं म्हणाले.